तांबमाळाची ठकूआई

फार वर्षांपूर्वी, साळवंती नदीवर पूल नव्हता आणि पलीकडच्या तीरावर जायचं तर भोपळ्यांच्या सांगडीला धरून जावं लागे, त्या काळी वेळणे गाव नदीच्या अगदी काठाला होतं. आज तिथं गाव नाही. नुसतं काळंभोर रान आहे, आणि नांगर खोल गेला की अजून एखादं खापर वर येतं. गाव आहे ते वर, तांबमाळावर. खालचं गाव वर कसं आलं, ते सांगतो.

त्या वेळणे गावात ठकू नावाची कुंभाराची सून होती. आता सगळे तिला ठकूआई म्हणतात, पण तेव्हा ती नुसती ठकू होती, सुभाना कुंभाराची बायको. हाडापेरानं मोठी, बोलायला बेताची. कुंभाराच्या घरात चाक पुरुषाचं आणि चिखल बाईचा. सुभाना चाकावर बसायचा, आणि ठकू माती आणायची, खडे वेचायची, लीद मिसळायची, पायांनी तुडवायची, हातांनी मळायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचे हात मातीत होते. डोळे मिटून तळहातावर चिमूटभर माती ठेवली तरी ती सांगायची, ही ओढ्याच्या वळणावरची, ही देवळामागची, ही पाटलाच्या मळ्यातली. कधी जिभेवर ठेवून चव बघायची. बायका हसायच्या. ती म्हणायची, "तुम्ही आमटी चाखता न्हवं? मग?"

गावाला मातीच्या दोनच जाती ठाऊक होत्या. एक काळी, आणि दुसरी काळी नसलेली. ठकू मात्र रंगावर जायची नाही. माती पाण्याशी कशी वागते, त्यावरून ती तिची जात लावायची. पाणी दिसलं की फुगते, ऊन लागलं की फाटते, ती एक. पाणी आलं तसं सोडून देते, कुणाचंच धरत नाही, ती वाळवट. पाणी अंगावर बसू देते पण आत घेत नाही, ती चिकण, मडक्याची. आणि तिची आई तिला एका चौथ्या मातीबद्दल सांगायची. ती पाणी पोटभर पिते आणि उरलेलं पुढं देते, स्वतः फुगत नाही की फाटत नाही. ठकूच्या आईनंही ती पाहिलेली नव्हती. तिनं तिच्या आईकडून ऐकलं होतं.

वेळणे गाव बसलं होतं ते पहिल्या मातीवर. ती माती पिकाला सोन्यासारखी होती. ज्वारीची ताटं माणूस लपेल एवढी व्हायची. पण उन्हाळा आला की जमिनीला अशा भेगा पडायच्या की कोंबडीचं पिल्लू आत गेलं तर परत निघायचं नाही. पावसाळ्यात तीच जमीन भिजून फुगायची, आणि तिच्याबरोबर घरांचे पाये वर उचलले जायचे. दरवर्षी भिंती तडकायच्या, दरवर्षी लोक त्या लिंपायचे. कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. बापजाद्यांनीही लिंपल्याच होत्या.

मग एक असं साल आलं की उन्हाळा कडक गेला आणि पाठोपाठ पाऊस लागला तो थांबेना. साळवंती काठ सोडून चढली नाही, पण जमीनच पाण्यानं तट्ट फुगली. रानात पाणी, अंगणात पाणी, चुलीच्या तोंडाशी पाणी. ते खालीही जाईना आणि बाजूलाही सरेना. भरदुपारी सुभाना आपल्या छपरात कच्ची मडकी गवतानं झाकत होता. ठकू दारात उभी राहून त्याला म्हणत होती की राहू द्या ती मडकी, बाहेर या. तो म्हणाला, "हे एवढं झाकतो आन् आलोच." तेवढ्यात मागची भिंत आवाज न करता आत आली.

गावानं त्याला ओढून काढला तेव्हा त्याच्या हातात गवताची पेंढी तशीच होती, असं म्हणतात.

त्या पावसात आणखी घरं बसली. धुळोजी नावाच्या शेतकऱ्याचा धाकटा भाऊ असाच भिंतीखाली गेला. धुळोजीनं त्या भावाला खांद्यावर घेऊन वाढवलं होतं. पाऊस उघडल्यावर उरलेलं गाव देवळात जमलं. देऊळ तेवढं दगडाच्या जोत्यावर होतं, म्हणून टिकलं होतं. कुणी म्हणालं, घाट उतरून खाली जाऊ. कुणी म्हणालं, माझे पाहुणे आहेत तिकडं जातो. ज्याला जिकडं दिशा दिसेल तिकडं तो जाणार, आणि वेळणे हे नाव कुणी पुन्हा घेणार नाही, असं सगळ्यांना दिसायला लागलं. तेव्हा धुळोजी उठला आणि म्हणाला, "ह्या कुंभारांनी काठची माती खणून खणून गाव पोकळ केलं. त्येंच्यामुळं माझा भाऊ गेला."

सगळ्यांनी ठकूकडं पाहिलं. तिच्या कपाळावरचं कुंकू पुसून फार दिवस झाले नव्हते. ती म्हणाली, "माझाबी माणूस गेलाय. मातीला शिव्या देऊन काय होणार? काळी वाईट न्हाई. ती पिकाची आई हाय, घराची न्हाई."

हैबत पाटील गावचा प्रमुख. म्हातारा, पण कान उघडे ठेवणारा माणूस. त्यानं विचारलं, "मग घराची कुठली?"

"बघून सांगते," ठकू म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती हिंडायला लागली. सुभानाची कुदळ खांद्यावर, पदराला भाकरी. नदीच्या दोन्ही अंगांना जेवढे माळ होते तेवढे तिनं पायाखाली घातले. कुठं वीतभर मातीखाली खडक लागला. कुठं जांभ्याचं कातळ उघडंच पडलेलं, वर गवताची काडी नाही. कुठं मुरूम. प्रत्येक ठिकाणची मूठभर माती ती पदरात बांधून आणायची, अंगणात ओळीनं मांडायची आणि एकेकीवर पाणी ओतून बघत बसायची. लोक म्हणायला लागले की नवऱ्यामागं हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

राहता राहिला तांबमाळ. गावाच्या मावळतीला, चढण चढून गेलं की लांबवर पसरलेला लाल माळ. तिथं कुणी नांगर नेत नसे. गुरं चरून यायची पण धष्टपुष्ट व्हायची नाहीत. कितीही पाऊस पडो, त्या माळावर डबकं म्हणून साचायचं नाही. जुनी माणसं सांगायची की तो माळ पाणी गिळतो, त्याच्या पोटात काहीतरी आहे, आणि पाणी संपलं की तो माणसं गिळेल. ठकूही तिथं सगळ्यात शेवटी गेली, ती त्यामुळंच.

माळाच्या मधोमध एक हिरड्याचं झाड होतं. त्याच्या सावलीत ती टेकली. तिनं मूठभर लाल माती घेतली. हाताला ती रव्यासारखी लागली, खरबरीत, मोकळी. वाळवट, असं तिनं मनात म्हटलं आणि ती टाकणार होती. पण उन्हात चालून ती थकली होती आणि हातातली माती तिनं टाकली नाही. बरोबरच्या मोग्यातलं, म्हणजे लहान मडक्यातलं, थोडं पाणी तिच्यावर घातलं आणि बोटांनी चाळा करत बसली. सुभाना गेल्यापासून तिनं माती मळली नव्हती. मळता मळता तिला त्याची आठवण आली. तो चाक फिरवताना गुणगुणायचा ते आठवलं, चिखल नीट झाला की तिच्याकडं न बघता नुसती मान हलवायचा ते आठवलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि हात आपले मळत राहिले. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही.

मग तिनं हाताकडं पाहिलं. रवा गेला होता. तळहातावर लोण्यासारखा मऊ, चिकट गोळा होता. बोट लावलं तर बोटाला धरून वर येत होता.

ठकू उठून उभी राहिली. ही माती वाळवट नव्हती. ही चिकण होती, अस्सल चिकण, पण तिनं स्वतःला बारीक बारीक दाण्यांत बांधून घेतलं होतं. म्हणून पाणी त्या दाण्यांमधून वाट काढून खाली जात होतं. वरवर चिमटीत धरून बघणाऱ्याला ती आपला स्वभाव दाखवत नव्हती. जो तिच्यापाशी बसेल त्यालाच दाखवत होती. आईनं सांगितलेली चौथी माती हीच असेल, असं तिला वाटलं. पण नुसतं वाटून गाव हलत नाही. वीतभर खाली खडक लागला तर सगळंच फुकट.

म्हणून तिनं कुदळ घातली.

कमरेएवढं खणलं, खडक लागला नाही. डोक्याएवढं खणलं, लागला नाही. मग तिनं शिडी आणली. लाल माती खाली जावी तशी अधिकच लाल होत गेली, वर विटेसारखी तर खाली कुंकवासारखी. दगड नाही, गोटा नाही, चुनखडी नाही. आणि खड्ड्याच्या भिंती सरळ उभ्या राहिल्या. काळ्या रानात एवढं खणलं असतं तर कधीच ढासळून आत आल्या असत्या. गावाला बातमी लागली तसे लोक बघायला यायला लागले. वाकून बघायचे, आणि खालून कुदळीचा आवाज यायचा. असं म्हणतात की ती इतकी खोल गेली की भरदुपारी तिला डोक्यावर चांदण्या दिसायच्या. असंही म्हणतात की तिथं खाली गेल्यावर तिनं भिंतीला कान लावला, तेव्हा तिला झिरपणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू आला, आणि तो लहान मूल दूध पिताना करतं तसा होता.

हैबत पाटील स्वतः चढण चढून आला. त्यानं खड्ड्यात डोकावून विचारलं, "लागला का गं खडक?"

"न्हाई, आबा. आन् लागणारबी न्हाई."

धुळोजी पाटलाच्या मागं उभा होता. तो म्हणाला, "खडक नसंल. पण ह्या माळावर पाणी ठरत न्हाई. घरं उभी राहतील, आन् माणसं तहानेनं मरतील. पाणी जातं कुठं, ते सांग आधी."

ठकू शिडीवरून वर आली. तिच्या केसांपासून पायांपर्यंत सगळं लाल झालं होतं. तिनं पाटलाला सांगितलं की गावातल्या सगळ्या बायकांना एकेक घागर पाणी घेऊन वर यायला सांगा, आणि घरात असेल नसेल तेवढी हळद आणायला सांगा.

बायका आल्या. नदीपासून माळापर्यंत डोक्यावर घागरी घेऊन चढत आल्या, कंबरेला हळदीच्या पुरचुंड्या. ठकूनं सगळी हळद खड्ड्यात टाकली आणि एकेकीनं आपली घागर उपडी केली. खड्डा भरत आला असं वाटायचं, आणि बघता बघता पाणी खाली बसायचं. दिवस मावळायच्या आत तळ कोरडा झाला. हळदीचा एक पिवळा डाग तेवढा उरला.

"गिळलं," धुळोजी म्हणाला. "उद्या पोरं गिळंल."

ठकू म्हणाली, "थांबा जरा. दिलेलं कुठं ना कुठं निघंल."

माळाच्या पायथ्याला, करवंदीच्या जाळीत, एक झरा होता. उन्हाळ्यात त्याचं बोटभर पाणी यायचं, म्हणून तिकडं कुणी फिरकायचं नाही. ठकू त्या झऱ्यापाशी जाऊन बसली. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बायका तिला तिथंच भाकरी नेऊन द्यायच्या आणि तिच्याकडं बघून हळहळायच्या. मग एका सकाळी झऱ्याचं पाणी वाढलं, आणि ते हळदीसारखं पिवळं होतं, असं म्हणतात. कुणी सांगतं की पिवळं नव्हतं, नुसता हळदीचा वास येत होता. कुणी सांगतं की त्या पाण्यानं ज्या बायकांनी हात धुतले, त्यांचे हात मरेपर्यंत पिवळे राहिले. पण झरा वाहायला लागला हे सगळेच सांगतात, आणि तो पुन्हा आटला नाही. पाटलानं ओंजळभर पाणी घेतलं, प्यायलं, आणि ओल्या हातानंच ठकूच्या पायाला हात लावायला वाकला. तिनं त्याला मधेच धरलं. "आबा, मला पाप लागंल," ती म्हणाली.

त्या वर्षी गाव वर आलं. देव पालखीतून आले, दळायची जाती, उखळं गाड्यांतून आली. लाल मातीच्या भिंती घातल्या, त्या वाळून दगडासारख्या झाल्या आणि त्यांना तडा म्हणून गेला नाही. लोक खूश होते. काळ्या रानात घरं नकोत म्हटलं तरी पिकाला ते रान होतंच, पण त्या पावसाच्या धसक्यानं पुष्कळांनी माळावरच नाचणी पेरली.

आणि नाचणी आली नाही.

उगवली ती पिवळी. वीतभर झाली आणि थांबली. कणसं धरली ती चिमणीनं टिपून टाकावीत एवढी. ज्यांनी खालच्या रानात पेरलं होतं त्यांनी कसंबसं बाकीच्यांना जगवलं. धुळोजीनं सगळं वरच पेरलं होतं. त्याच्या रानात तर गुरांना घालण्याजोगंही काही उरलं नाही. तो ठकूच्या दारात येऊन उभा राहिला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलला. मडकी मळणाऱ्या बाईच्या शब्दावर आम्ही गाव उठवलं, म्हणाला. भाऊ घेतलास, आता पोरांच्या तोंडचा घास घेतलास, म्हणाला. ठकूनं दार लावून घेतलं नाही. तो दमेपर्यंत ती उंबऱ्यात उभी राहिली. मग त्याच्यामागून त्याच्या रानात गेली.

तिथं तिनं मातीची चिमूट जिभेवर ठेवली आणि तिचा चेहरा उतरला. माती आंबट लागत होती. तिच्या ध्यानात आलं की आपण मातीची अर्धीच ओळख करून घेतली. जी माती पाणी पुढं देते, ती पाण्याबरोबर आपलं सगळंच पुढं देते. खार, गोडवा, कस, काही काही जवळ ठेवत नाही. हजारो पावसाळे ती देत आली होती, आणि आता तिच्या पोटात काही उरलं नव्हतं. गावातही अशी माणसं असतात. दाराशी आलेल्याला विन्मुख पाठवत नाहीत, आणि आपल्या चुलीवर काय आहे ते कुणाला कळू देत नाहीत.

"माळ खोटा न्हाई," ती स्वतःशीच बोलली. "उपाशी हाय."

खाली जुन्या गावाशेजारी कुंभारांच्या आव्याची राख होती. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. कितीतरी पिढ्यांची राख एकावर एक पडून तिची टेकडी झाली होती. कुंभारलोक त्या टेकडीला पूर्वजांचं ठिकाण मानायचे. सणाला तिथं नारळ फुटायचा आणि त्या राखेला कुणी हात लावायचा नाही. ठकूनं गाढवं सोडली, टोपली आणि खोरं घेतलं आणि ती तिथं गेली. तिचे भाऊबंद आडवे आले. थोरला दीर म्हणाला, "ठकू, ही वाडवडलांची राख हाय. हात लावलास तर तुझ्या घरचं पाणी आम्ही पिणार न्हाई."

ठकू म्हणाली, "नका पिऊ. पण मला सांगा, वाडवडलांनी आवा कशापायी पेटवला? पोरं जगावीत म्हणूनच ना?"

तिनं खोरं मारलं. दीर बाजूला झाला, पण त्या दिवसापासून भाऊबंदांनी तिच्याशी बोलणं टाकलं. एकटीच टोपल्या भरायची, एकटीच गाढवं हाकत चढण चढायची. आणि पहिली टोपली तिनं आपल्या रानात ओतली नाही. ती धुळोजीच्या रानात गेली आणि तिथं ओतली. दुसरीही तिथंच. राखेबरोबर गाढवांची लीद, शेळ्यांच्या लेंड्या, कुजलेला पाला, जे मिळेल ते. धुळोजी बांधावर बसून बघत होता. तो तिला जा म्हणाला नाही आणि ये म्हणाला नाही.

असे किती दिवस गेले ते कुणी मोजले नाहीत. चढणीवर एक मोठा दगड आहे, तिथं ठकू टोपली टेकवून दम खायची. एकदा ती टोपली परत डोक्यावर घ्यायला गेली आणि तिचे हात वर जाईनात. तेवढ्यात मागून कुणीतरी टोपली उचलली. धुळोजी होता.

"दे हिकडं," तो म्हणाला.

टोपली डोक्यावर घेऊन त्यानं चढणीकडं तोंड केलं. तो म्हणाला, "कुठं टाकायची?"

"तुला वाटंल तिथं टाक."

त्यानं ती टोपली नेली आणि ठकूच्या पट्टीत ओतली. त्या संध्याकाळी तो पाटलाच्या ओट्यावर जाऊन काहीतरी बोलला. काय बोलला ते ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव टोपल्या घेऊन खाली उतरलं. नदीपासून माळापर्यंत माणसांची रांग लागली, आणि टोपल्या हातोहात वर जायला लागल्या. शेवटी ठकूचा थोरला दीरही आला. टेकडीच्या पाया पडून त्यानं आपल्या हातानं खोरं मारलं. असं म्हणतात की राख संपायला आली की टेकडी खालून आणखी वर यायची, आणि गावातलं शेवटचं रान पुरं होईपर्यंत ती संपली नाही.

पुढच्या सालची नाचणी मुठीएवढ्या कणसांची आली. धुळोजीनं पहिली भाकरी ठकूला नेऊन दिली. ती लाल, जाड भाकरी तिनं दारातच बसून खाल्ली, कोरडी, कालवणाशिवाय.

त्यानंतर काही सालांनी तो मोठा पाऊस आला. ज्याला जुनी माणसं अजून नुसतं "त्यो पाऊस" म्हणतात. साळवंती काठ सोडून अशी चढली की जुन्या देवळाच्या कळसाला तिनं पाणी लावलं, आणि कळससुद्धा नेला. सगळं गाव तांबमाळाच्या कडेला उभं राहून खाली बघत होतं. खाली पाण्याचा समुद्र, आणि वर त्यांच्या पायांखाली नुसती ओली जमीन. एवढा पाऊस कोसळत होता, पण माळावर घोटाभरही पाणी साचलं नाही. भिंती उभ्या होत्या. पोरं अंगणात खेळत होती. ठकू सगळ्यांपासून थोडी दूर उभी होती. जिथं तिचं घर होतं तिकडं ती बघत होती. धुळोजी तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून गाव तिला ठकूआई म्हणायला लागलं. पहिल्यांदा कोण म्हणालं, यावर अजून वाद आहे.

तिची कीर्ती घाटाखाली आणि घाटावर सगळीकडं गेली. लांबलांबचे लोक फडक्यात माती बांधून यायचे. कुणाला घर बांधायचं असे, कुणाला विहीर, कुणाला बाग. ठकूआई माती मळायची, चाखायची, पाणी घालून बघायची, आणि सांगायची की ही फुगणारी, हिच्यावर भिंत नको. ही भुकेली, हिला आधी जेवण घाला. तिनं लावलेल्या मातीच्या जाती आमच्याकडं अजून चालतात. माती नुसती चिमटीत धरून कुणी बोलायला लागलं, तर आमच्याकडचा म्हातारा त्याला म्हणतो, "मळलीस का?"

ती खूप म्हातारी झाली. हात वाकडे झाले तरी मळायचं सोडलं नाही. ती कशी गेली याच्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, हिरड्याखाली बसल्या बसल्या तिचा डोळा लागला आणि ती उठली नाही. दुसरी म्हणजे, एका दुपारी ती आपल्या खड्ड्याची शिडी उतरून खाली गेली. बराच वेळ झाला म्हणून बायका बघायला गेल्या तर खड्डा नव्हता. जमीन सपाट होती आणि वर कोवळी नाचणी उगवली होती. माझ्या आजोबांना दुसरी गोष्ट खरी वाटायची. गावानं तिथं समाधी बांधायचं ठरवलं होतं, पण तिनंच आधी सांगून ठेवलं होतं की दगड ठेवू नका. "ह्या माळात दगड न्हाई," ती म्हणायची, "मग माझ्यापायी कशाला आणता?" म्हणून आजही तिची समाधी नाही, मूर्ती नाही, पादुका नाहीत. कुणी विचारलं ठकूआई कुठं आहे, तर आम्ही पायाखाली बोट दाखवतो.

पण दरवर्षी आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी तांबमाळावर एक रीत पाळतात. वर्षभराची चुलीची राख प्रत्येक घर साठवून ठेवतं. आता घरोघरी गॅस आला, चुली थोड्या राहिल्या, तर लोक गुऱ्हाळावरून राख आणतात, लोहाराकडून आणतात, पाणी तापवायच्या बंबाची जपून ठेवतात. त्या दिवशी सकाळी टोपल्या भरतात आणि सगळं गाव रानात निघतं. पहिली टोपली आपल्या रानात टाकायची नाही. ज्याच्याशी आपलं वाकडं आहे, त्याच्या रानात टाकायची. त्यानं ये म्हणायचं नाही, जा म्हणायचं नाही. टाकणाऱ्यानं काही बोलायचं नाही. राख ओतायची, रिकामी टोपली त्याच्या बांधावर उपडी ठेवायची आणि परत यायचं. संध्याकाळपर्यंत रानवाल्यानं ज्याची टोपली त्याच्या दारात आणून ठेवलेली असते.

आमच्या आळीत दोन सख्खे भाऊ आहेत. बांधावरून त्यांचा दावा तालुक्याला चालू आहे, आणि एकमेकांच्या दारावरून जाताना ते मान वळवतात. गेल्या आखितीच्या वेळी मी पाहिलं, थोरला डोक्यावर टोपली घेऊन धाकट्याच्या रानात गेला, आणि त्याच वेळी धाकटा थोरल्याच्या रानातून टोपली उपडी ठेवून परत येत होता. बांधावर दोघं समोरासमोर आले. वाट अरुंद होती. धाकट्यानं बाजूला होऊन भावाला वाट दिली.

दावा अजून चालू आहे. पण त्यांच्या दोघांच्याही रानातली नाचणी चांगली येते.